भारताच्या अणुऊर्जेबद्दलची आंतरराष्ट्रीय चिंता आणि कोकण किनारा

एखादा देश वीज बनवतोय असं सांगून त्याच तंत्रज्ञानातून गुपचूप बॉम्ब तर बनवणार नाही ना, ही बाकीच्या देशांची धास्ती म्हणजे ही चिंता. आता बातम्या इराणच्या येतात, पण भारतावरही हा संशय कित्येक वर्षं होता आणि त्यातलं बरंचसं घडलं ते कोकण किनाऱ्यावर.

सुरुवात ट्रॉम्बेपासून (मुंबईला कोकणात धरायचं की नाही यावर भांडणारे भांडोत). तिथली सायरस अणुभट्टी कॅनडाच्या मदतीची, भट्टीला लागणारं जड पाणी अमेरिकेचं, बोली शांततेच्या वापराची, आणि १९७४ ला पोखरणला जो अणुस्फोट झाला त्याला लागणारं प्लुटोनियम आलं याच भट्टीतून. आपण म्हणालो हा शांततेसाठीचा स्फोट, पण ते कोणाला पटणार? कॅनडाने अणुसहकार्य थांबवलं आणि अणुसामान विकणाऱ्या देशांनी एनएसजी गट काढला, तो मुळात आपल्याच स्फोटामुळे. अण्वस्त्रांचा प्रसार रोखायच्या एनपीटी करारावर तर भारताने सहीच केली नाही, आधीच अण्वस्त्रं असलेल्या पाच देशांना एक न्याय आणि इतरांना दुसरा हे मान्य नव्हतं म्हणून.

फटका बसला तारापूरला. १९६९ ला सुरू झालेल्या तिथल्या दोन भट्ट्या अमेरिकन, इंधनही तिकडचंच, अमेरिकेने १९७८ ला अणुनिर्यातीचा कायदा कडक केला नि पुरवठा अडला, मग फ्रान्स, पुढे चीन आणि रशिया असं करत काम चालवलं. गंमत म्हणजे एकाच आवारात १ आणि २ नंबरवर व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासनीस येतात, पण शेजारच्या ५४० मेगावॅटच्या ३ आणि ४ नंबरला ते बघू शकत नाहीत, कारण अमेरिकेशी अणुकरार करताना २००६ ला नागरी आणि लष्करी भट्ट्यांची जी वाटणी झाली तिच्यात २२ पैकी १४ भट्ट्याच तपासणीखाली द्यायचं ठरलं त्यात या दोन नव्हत्या.

या बदल्यात सप्टेंबर २००८ ला एनएसजीने भारताला अणुव्यापारासाठी सूट दिली, ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंडने बरेच आढेवेढे घेतले तरी. त्यातूनच राजापूर तालुक्यातला जैतापूर प्रकल्प पुढे सरकला: फ्रेंच बनावटीच्या १६५० मेगावॅटच्या ६ भट्ट्या, एकूण ९९००. जपानने मात्र भारताशी अणुकरार केला तो थेट २०१६ ला.

जैतापूर प्रकल्पाजवळच्या माडबनच्या सड्यावरची नि साखरी नाट्याच्या बंदरातली काळजी यापेक्षा पार वेगळी. प्लुटोनियम कुठे जातं हा त्यांचा प्रश्नच नाही, समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळी लांब गेली तर होड्या कुठे न्यायच्या, हापूसचं काय, आणि फुकुशिमासारखं झालं तर पळायचं कुठे, हे त्यांचे प्रश्न. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमाला जेमतेम महिना झालेला असताना, तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक जण गेला. व्हिएन्नाचे तपासनीस मोजतात ते अणुइंधन, मासळी त्यांच्या कामात येतच नाही, त्यामुळे जगाची चिंता मिटली तरी गावाची तशीच राहिली. एवढं होऊन फ्रेंच कंपनी ईडीएफचा प्रस्ताव आला २०२१ ला, तोवर विजेचा दर आणि अपघात झाल्यास पुरवठादारालाही जबाबदार धरू शकणारा २०१० चा कायदा यावर गाडं अडलेलंच होतं.