हूडवर काय मारू, भो?

मे संपत आला, सातपुड्याकडे ढग दिसायला लागले की आपल्याकडे जुन्या जीपवाल्यांचा एकच प्रश्न सुरू होतो, हूडवर (म्हणजे कापडी छतावर) काय मारू भो, पाणी गळतंय. आणि समोरचा पण लगेच सांगून मोकळा, मेण मार, सिलिकॉन मार, कोणी तर ऑइलपेंट मार म्हणतो (हे मात्र नका करू, घडीवर तडकतो आणि कापड घेऊन निघतो). कापड कोणतं आहे ते कोणी विचारत नाही, आणि सगळा खेळ तर तिथेच आहे.

जुन्या जीपचं हूड असतं सुती कॅनव्हासचं. आता कापूस म्हणजे सेल्युलोज, त्याच्या रेणूवर ठिकठिकाणी हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याच्या रेणूला धरून ठेवतात, म्हणून सुती कापड पाणी पितं. पण बोंडातून नुकताच काढलेला कच्चा कापूस पाण्यात टाकून बघा, लवकर भिजत नाही, वरच तरंगत राहतो. कारण धाग्यावर निसर्गाने दिलेलं मेणाचं पातळ आवरण असतं. ते गिरणीत कॉस्टिक सोड्यात उकळून काढून टाकतात, नाहीतर रंग नीट बसत नाही. म्हणजे आधी मेण काढायचं आणि मग हूड गळतं म्हणून परत लावायचं, असा हा उद्योग आहे.

गंमत म्हणजे नुसता कॅनव्हास पण बराच पाऊस अडवतो. सुती धागा भिजला की लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो, आणि घट्ट विणलेल्या कापडात फुगायला जागा नसल्याने मधली भोकं बुजतात. म्हणून नवीन कॅनव्हास पहिल्या पावसात थोडा झिरपतो आणि दोन-तीनदा भिजून वाळला की सुधारतो. फक्त ओल्या हूडला आतून बोट लावायचं नाही, लावलं की तिथे पाण्याला खाली उतरायला वाट मिळते आणि नेमकं त्याच जागी टपटप सुरू, मुलांना हे शंभरदा सांगावं लागतं.

आता वरून मारायच्या औषधाचं काम काय, तर पाण्याला कापडावर पसरू न देणं. पाण्याचा पृष्ठताण असतो मीटरला ७२ मिलिन्यूटनच्या आसपास, म्हणजे त्याचे रेणू एकमेकांना चांगलेच धरून असतात. ज्या पृष्ठभागाची ऊर्जा याच्यापेक्षा बरीच कमी, तिथे पाणी पसरण्यापेक्षा गोळा होऊन राहणं पसंत करतं, अळूच्या पानावर राहतं ना, तसं. मेण, सिलिकॉन, फ्लोरिनवाली रसायनं, सगळ्यांचं तत्त्व हेच, फ्लोरिनवाल्यांची ऊर्जा सगळ्यात कमी, म्हणून ती तेल पण लागू देत नाहीत, सिलिकॉन तेलाला अडवत नाही. पण फ्लोरिनवाली जुनी रसायनं निसर्गात विघटित होतच नाहीत, त्यातलं पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (न विघटणाऱ्या घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत गेलं, त्यामुळे आता डब्यावर फ्लोरिनमुक्त लिहिलेलं दिसलं तर ते नुसतं जाहिरातीसाठी नाही.

मेणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, खान्देशात नको. पॅराफिन साधारण ४६ ते ६८ अंशांच्या दरम्यान वितळतं. मे महिन्यात भुसावळला हवेचंच तापमान ४५च्या वर जातं, गडद रंगाचं हूड उन्हात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, मग मेण मऊ पडून चिकट होतं आणि फुफाटा सगळा त्याच्यावर. थंड ओल्या मुलखातला हा उपाय तिकडे शोभतो.

त्यापेक्षा जुना तुरटी-साबणाचा उपाय मला जास्त आवडतो. कापड आधी साध्या साबणाच्या पाण्यात (डिटर्जंट नाही चालत) भिजवून पिळायचं, मग तुरटीच्या पाण्यात बुडवायचं. साबण म्हणजे तेलातल्या आम्लांचं सोडियमचं मीठ, तुरटीत अॅल्युमिनियम, दोघांची अदलाबदल होऊन अॅल्युमिनियमचा साबण तयार होतो, जो पाण्यात विरघळत नाही आणि धाग्यातच बसतो. बादलीत करून बघितलं तर पांढरे गुठळ्यासारखे कण लगेच दिसतात. धुण्यात हळूहळू निघून जातं, पण दोन्ही वस्तू किराणा दुकानात मिळतात आणि स्वस्तात होतं. (ज्या विप्रोचं आज सॉफ्टवेअर वगैरे, ती १९४५ मध्ये आपल्या अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली, तेलातल्या आम्लांशी आपलं नातं तसं जुनंच.)

विलायती जुन्या कन्व्हर्टिबल गाडीचं कापडी छत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्यात बऱ्याचदा तीन थर असतात, वर कापड, आत कापड, मध्ये रबर. ही कल्पना स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये पेटंट केलेल्या रेनकोटच्या कापडाचीच, नॅफ्था नावाच्या द्रावकात विरघळवलेलं रबर दोन कापडांच्या मध्ये. इथे पाणी अडवतं ते रबर, वरचं औषध फक्त वरचं कापड भिजून जड होऊ नये, शेवाळ-बुरशी धरू नये म्हणून. रबरच तडकलं असेल तर कितीही डबे ओता, उपयोग शून्य. आणि रेग्झिनच्या हूडवर तर मारूच नका, ते मुळात पाणी पीतच नाही, त्याचा शत्रू ऊन, उन्हात त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य उडून जातं आणि ते कडक होऊन घडीवर फाटतं.

मारायच्या आधी धुणं महत्त्वाचं. ब्रशने धूळ काढायची, सौम्य साबण, आणि मग फेस येणं पूर्ण थांबेपर्यंत साधं पाणी. साबणाचा अंश राहिला तर तो पाण्याचा पृष्ठताणच कमी करतो, मग वर काहीही मारलं तरी थेंब पसरतो आणि माणूस म्हणतो डबा डुप्लिकेट निघाला. सिलिकॉन मारताना बॉडी आणि काच झाकून ठेवा, नाहीतर पुढे पेंट करताना त्या जागी रंग फाटल्यासारखे खड्डे पडतात.

एवढं करूनही गळतं ते बहुतेक वेळा शिलाईतून. जीप ८० च्या वेगाने पळताना समोरच्या काचेवर हवेचा दाब येतो जवळपास ३०० पास्कल, म्हणजे ३ सेंटिमीटर उंच पाण्याइतका, आणि हूडवरून हवा जोरात जात असल्याने तिथे दाब उलट कमी होतो, म्हणूनच पळत्या जीपचं हूड वर फुगतं. त्यामुळे पाणी मधून नाही, काचेच्या वरच्या पट्टीतून आणि सुईच्या भोकांतून शिरतं. सुती दोरा भिजून भोक बुजवतो, नुसता पॉलिस्टरचा बुजवत नाही, पण सुती दोरा उन्हात आणि बुरशीने लवकर सडतो. म्हणून आत पॉलिस्टर आणि वर सुती वेढा असलेला दोरा मिळाला तर कुशनवाल्याला तोच वापरायला सांगा, आणि शिलाईवर आतून सीम सीलर (शिलाईची भोकं बुजवणारं द्रव्य) लावून घ्या, एक दिवस नीट वाळू द्या, मगच हूडची घडी घाला.