‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ : एका इंग्रजी वाक्प्रचाराची पार्श्वभूमी

एखाद्या विधानाला छेद देणारे उदाहरण कोणी पुढे केले, की ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ हे उत्तर हमखास ऐकू येते. ‘द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’ या इंग्रजी वाक्प्रचाराचे हे मराठी रूप. नियम मोडणारी गोष्टच नियमाचा पुरावा कशी ठरेल, ही शंका अगदी रास्त आहे. मात्र मुळात या वाक्प्रचाराला तसे काही म्हणायचेच नव्हते.

त्याचे मूळ रोमन न्यायालयातल्या एका युक्तिवादापर्यंत मागे नेता येते. इ. स. पू. ५६ मध्ये रोमन वक्ता आणि वकील सिसेरोने लुसिअस कॉर्नेलिअस बाल्बस याचे वकीलपत्र घेतले होते. बाल्बस हा गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधील कादिझचा, आणि रोमन सेनापती पॉम्पेने त्याला दिलेले रोमन नागरिकत्व बेकायदा असल्याचा आरोप होता. काही जमातींशी रोमने केलेल्या तहांत त्यांच्यापैकी कोणालाही रोमन नागरिक करून घेऊ नये असे स्पष्ट कलम होते, याकडे सिसेरोने लक्ष वेधले. अपवाद केल्यामुळे जिथे मनाई होते, तिथे अपवाद नसेल तर मुभा असलीच पाहिजे, असा त्याचा मुद्दा होता. पुढे हेच तत्त्व लॅटिन सूत्राच्या रूपाने कायद्यात रूढ झाले आणि सतराव्या शतकात इंग्रजीत वावरू लागले. ‘रविवारी येथे वाहने उभी करू नयेत’ ही पाटी इतर दिवशीची मुभा न सांगताच सांगते, ती याच न्यायाने. लॅटिन सूत्राच्या शेवटी ‘अपवाद न केलेल्या बाबतींत’ असे शब्द होते. बोलण्यात ते गळाले आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथेच झाला.

संस्कृत व्याकरणातील ‘उत्सर्ग’ (सामान्य नियम) आणि ‘अपवाद’ ही जोडी या मूळ अर्थाच्या फार जवळची आहे, कारण अपवादाचे क्षेत्र वगळून उरलेल्या ठिकाणी सामान्य नियम लागू होतो, असेच तिथेही मानले जाते.

इंग्रजी भाषावापराचे अभ्यासक एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात या वाक्प्रचाराचे पाच वापर वेगळे काढले: कायद्यातला मूळ अर्थ, शास्त्रीय अर्थ, सैल वापर, थट्टेतला वापर आणि गंभीरपणे केलेला निरर्थक वापर. ‘प्रूव्ह’ म्हणजे ‘पारखणे’, असाही खुलासा अनेकजण करतात. त्या क्रियापदाला तो जुना अर्थ आहे हे खरे, पण कायद्यातल्या सूत्राशी तो जुळत नाही.

शास्त्रात मात्र अपवाद नियमाला खरोखरच कसाला लावतो. युरेनस गणिताने काढलेल्या मार्गावरून ढळत होता, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा नियम तिथे चुकतो आहे असे दिसत होते. फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी त्यामागे अज्ञात ग्रह असल्याचे गणित मांडले आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना वर्तवलेल्या जागेपासून एक अंशाच्या आतच नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतील विसंगतीलाही ल व्हेरिए यांनी हाच उपाय योजला, पण तो ग्रह कधीच मिळाला नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेने ते कोडे उलगडले, तेव्हा बदलावा लागला तो नियमच.