स्तनकर्करोग आणि प्रजननक्षमतेचे जतन

स्तनकर्करोगाच्या उपचारांमुळे स्त्रीची गर्भधारणेची क्षमता घटण्याचा किंवा संपण्याचा संभव असतो. तो ओळखून उपचारांपूर्वी स्त्रीबीजे, भ्रूण किंवा बीजांडकोशातील ऊती गोठवून ठेवणे आणि पुढे गर्भधारणेची वेळ ठरवणे, याला प्रजननक्षमतेचे जतन व नियोजन म्हणतात. मुंबईतील स्त्रियांमध्ये हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो, आणि भारतात तो पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने लवकरच्या वयात होत असल्याने अपत्य नसलेल्या रुग्णांसाठी हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा ठरतो.

शस्त्रक्रियेने आणि स्तनावरील किरणोपचारांनी बीजांडकोशाला थेट इजा होत नाही. हानी होते ती मुख्यतः केमोथेरपीतील सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधांनी. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असल्यामुळे नष्ट झालेली बीजे पुन्हा तयार होत नाहीत, आणि वय चाळिशीकडे झुकलेले असेल तर साठा लवकर संपतो. केमोनंतर पाळी सुरू झाली म्हणजे प्रजननक्षमता पूर्ववत झाली असे नव्हे. तसेच पाळी थांबली म्हणून दिवस राहणारच नाहीत असेही नव्हे. संप्रेरकांवर वाढणाऱ्या स्तनकर्करोगात संप्रेरक-उपचार म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेन या औषधाची अडचण निराळी आहे. ते पाच ते दहा वर्षे घ्यावे लागते, त्यात वय निघून जाते. शिवाय ते गर्भाला घातक असल्याने त्या काळात गर्भनिरोधन आवश्यक असते, आणि त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्यांऐवजी तांबीसारखे संप्रेरकविरहित साधन वापरतात.

बीजे मिळवण्यासाठी सुमारे दोन आठवडे इंजेक्शने द्यावी लागतात. ती पाळीच्या कोणत्याही दिवसापासून सुरू करता येतात, आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक फार वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल दिले जाते. बीजे उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. अविवाहित स्त्रीला बीजे गोठवणे सोयीचे. भ्रूणासाठी शुक्राणूही लागतात. केमोच्या काळात गोसेरेलिनचे मासिक इंजेक्शन देऊन बीजांडकोश विश्रांत ठेवता येतो, पण हा उपाय बीजे गोठवण्याला पर्याय मानला जात नाही. भारतात २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार या सेवांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० वर्षे असावे लागते.

मुंबईत कर्करोगोपचार आणि सहाय्यक प्रजनन या दोन्ही शाखांचा इतिहास परळमध्येच एकत्र येतो: १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय आणि १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ते केईएम रुग्णालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तरीही गावाहून येऊन दादरच्या धर्मशाळेत उतरलेल्या तरुणीला निदानाच्या धक्क्यात, सासरच्या माणसांदेखत, ‘मला पुढे मूल होईल का?’ असे विचारणे अवघड जाते. म्हणून हा विषय डॉक्टरांनी स्वतःहून, पहिल्याच भेटींत आणि शक्य तर तिच्याशी एकटीशी बोलून काढणे अत्यंत गरजेचे आहे. केमोचा पहिला डोस दिल्यानंतर बीजे काढण्याची संधी बहुधा हातची गेलेली असते.

उपचारांनंतरच्या गर्भधारणेने रोग उलटण्याचा धोका वाढतो, ही समजूत उपलब्ध अभ्यासांनी खरी ठरवलेली नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या वैद्यकीय अभ्यासात ४२ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांनी १८ ते ३० महिने संप्रेरक-उपचार घेऊन, मूल होण्यासाठी ते दोन वर्षांपर्यंत थांबवले. तीन वर्षांच्या हिशेबात रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. दीर्घकालीन पाठपुरावा मात्र अजून सुरू आहे. बाळंतपणानंतर निरोगी बाजूच्या स्तनाने बाळाला पाजता येते. टॅमॉक्सिफेन पुन्हा सुरू करताना अंगावर पाजणे थांबवावे लागते.