रियुनियन राष्ट्रीय उद्यान
हिंदी महासागरात मॉरिशसच्या नैर्ऋत्येस सुमारे २०० किमी. अंतरावर असलेल्या रियुनियन या फ्रेंच बेटावरील उद्यान. स्थापना २००७. बेटाच्या २,५१२ चौ. किमी. क्षेत्रापैकी सुमारे ४० टक्के भाग उद्यानाच्या गाभ्यात मोडतो. २०१० पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. बेट दोन ज्वालामुखींनी घडले आहे. वायव्येकडील पितों दे नेज (३,०७० मी.) हजारो वर्षे शांत आहे. आग्नेयेकडील पितों द ला फूर्नेझ (२,६३२ मी.) मात्र जगातील अत्यंत सक्रिय ज्वालामुखींपैकी एक असून सतराव्या शतकापासून त्याच्या दीडशेहून अधिक उद्रेकांची नोंद आहे.

दख्खनशी संबंध : या बेटाविषयी मराठी वाचकाला अगत्य वाटावे असे कारण सह्याद्रीच्या कातळात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थलातून (भूगर्भातून सतत शिलारस वर येणाऱ्या जागेतून) दख्खनचे लाव्हाथर बाहेर पडले, तेच आज रियुनियनखाली आहे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. भूवैज्ञानिक जेसन मॉर्गन यांच्या प्रावरण-स्तंभ उपपत्तीनुसार, तप्तस्थलाखाली भूकवचाखालच्या प्रावरण या थरातून वर येणारा उष्ण खडकाचा स्तंभ जवळपास जागच्या जागी राहिला आणि भारतीय भूपट्ट त्यावरून उत्तरेकडे सरकला. लक्षद्वीप-मालदीव-चागोस कटक (सागरतळावरील डोंगररांग), मास्करीन पठार आणि मॉरिशस ही त्याची वाट. भूपट्ट जिथे एकमेकांपासून दूर सरतात तो मध्य हिंदी महासागरी कटक मधल्या काळात तप्तस्थलावरून गेल्याने ही वाट दुभंगलेली दिसते. १९८७ मधील सागरतळ वेधनात खडकांची वये दक्षिणेकडे कमी होत गेलेली आढळली. याउलट मुंबईच्या आयआयटीतील हेतू शेठ यांनी दख्खनच्या उद्रेकाला खोल स्तंभाची गरज नाही, भूखंड फाटण्याच्या प्रक्रियेने तो समजावता येतो, असा पक्ष मांडला. महाबळेश्वर परिसरातील आंबेनळी शैलसमूहाचे समस्थानिक गुणधर्म (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे प्रमाण) रियुनियनच्या लाव्हापेक्षा महासागरी कटकांच्या बेसाल्टला जवळचे आहेत, ही अडचणही खरी आहे. तरीही वयांचा हा क्रम अन्य कोणत्याही उपपत्तीने इतक्या सरळपणे उलगडत नाही.

महाकुंड : पितों द ला फूर्नेझच्या शिखराभोवतीचे आंक्लो फूके हे सुमारे आठ किमी. रुंदीचे महाकुंड (ज्वालामुखीवरील विस्तीर्ण खोलगट भाग) पूर्वेस समुद्राकडे उघडे आहे. ते सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचे असावे. रिकाम्या झालेल्या शिलारसकोठीवरील (भूगर्भातील शिलारसाच्या साठ्यावरील) छत खचून ते बनले, हे एक मत. पूर्वेचा उतार समुद्रात घसरल्याने बनले, हे दुसरे. सागरतळावरील दरडींचा ढिगारा दुसऱ्या मताला पुष्टी देतो. एप्रिल २००७ मध्ये शिलारस पायथ्याशी वाहून गेल्यावर शिखरावरील दोलोम्यू कुंडाचा तळ टप्प्याटप्प्याने ३०० मी.पेक्षा जास्त खचला. छत खचण्याची क्रिया अशी प्रत्यक्ष नोंदली गेल्यापासून दोन्ही क्रिया एकमेकींत गुंतलेल्या असाव्यात, हे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

भेट : बूर-म्युरा गावातील ज्वालामुखी संग्रहालय पाहून प्लेन दे साब्ल या लालसर-काळ्या राखेच्या पठारावरून गाडीरस्ता पा द बेलकोंब येथे (सुमारे २,३०० मी.) कड्याच्या काठावर पोहोचतो. तेथून पायऱ्यांनी महाकुंडात उतरता येते. फोर्मिका लेओ हा १७५३ मधील छोटा राखशंकू उतरल्यावर लगेच लागतो. पुढे पांढऱ्या रंगाच्या खुणांवरून दोलोम्यूच्या काठापर्यंत जाऊन परतायला सहसा पाच-सहा तास लागतात. दुपारपर्यंत ढग चढतात, म्हणून पहाटे निघावे. वाटेतील पाहोएहोए (पातळ, सहज वाहणाऱ्या) लाव्हाचे दोरखंडी पृष्ठभाग आवर्जून निरखावेत. दख्खनच्या थरांत जे झिजलेल्या रूपात सापडते, ते येथे ताजे असते.

१९७७ मध्ये लाव्हाने पितों-सेंत-रोझ गावातील चर्चला वेढले. त्यानंतर १९७९-८० च्या सुमारास ज्वालामुखी वेधशाळा सुरू झाली. भूकंपमालिका व जमिनीचा फुगवटा यांवरून उद्रेक जवळ आल्याचे दिसताच महाकुंडाचे फाटक बंद करून आतील लोकांना बाहेर काढतात. मालिका सुरू झाल्यापासून उद्रेकापर्यंत कधी तासाभराचाही अवधी मिळत नाही; त्यामुळे बंद फाटक ओलांडणे जिवावर बेतू शकते. उद्रेक चालू असताना तो प्रशासनाने ठरवून दिलेल्या जागांवरूनच पाहावा लागतो. किनाऱ्यालगतचा महामार्ग महाकुंडाकडून समुद्राकडे जाणाऱ्या ग्रां ब्रुले उतारावरील जुने प्रवाह ओलांडतो. २००७ च्या प्रवाहाने तो गाडला गेला होता व पुन्हा बांधावा लागला. थंडावलेल्या प्रवाहांवर प्रथम करड्या रंगाचे दगडफूल, मग नेचे उगवतात.

पितों दे नेजभोवती माफात, सालाझी व सिलाओस ही खोल खोरी आहेत. पळालेल्या गुलामांनी येथे आश्रय घेतला होता. माफातमध्ये गाडीरस्ता नाही; वस्त्यांपर्यंत पायवाटेने जावे लागते आणि सामान हेलिकॉप्टरने येते.