कॉर्टिसॉलच्या रिपोर्टवरून मुलाचा ताण कळत नाही

इंदूरच्या रामबाग-राजवाडा भागातल्या आपल्या मराठी घरांमध्ये परीक्षा जवळ आल्या की एक सल्ला हमखास फिरतो: ‘मुलाचं कॉर्टिसॉल तपासून घ्या, मनावरचा ताण आधीच कळेल.’ हे खरं नाही. कॉर्टिसॉल म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं संप्रेरक (हार्मोन).

कॉर्टिसॉल दिवसभर एका पातळीवर राहतच नाही. जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या तासात ते सर्वाधिक असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी कमी. अपुरी झोप, ताप, स्टेरॉइडची औषधं, एवढंच काय, सुईची भीतीसुद्धा आकडा बदलते. शिवाय दीर्घकाळ आघात सोसलेल्या काहींमध्ये ते कमीच आढळतं! म्हणजे ‘नॉर्मल’ रिपोर्ट हातात धरून रडवेल्या मुलीला ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. ही तपासणी मुळात मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या कुशिंग, अ‍ॅडिसन यांसारख्या, म्हणजे कॉर्टिसॉल फार वाढण्याच्या किंवा फार कमी होण्याच्या, आजारांसाठी आहे.

ताणाच्या शरीरातल्या खुणांचा शोध मात्र खरा आहे. केस महिन्याला सुमारे 1 सेंटीमीटर वाढतो, म्हणून मुळाजवळच्या 3 सेंटीमीटरांत मागच्या तीन महिन्यांचं कॉर्टिसॉल मोजता येतं. 2004 मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं, की आईने कमी चाटलेल्या, म्हणजे कमी माया मिळालेल्या, उंदरांच्या पिल्लांत ताण आवरणाऱ्या जनुकावर रासायनिक खुणा वेगळ्या असतात. पण हे निष्कर्ष गटांच्या तुलनेतून येतात. एकट्या मुलाचं निदान त्यावरून होत नाही.

झोप उडाली, भूक मेली, मूल गप्प झालं, तर आधी त्याच्याशी बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.