गॉडझिला विरुद्ध हेडोरा : एका बदनाम चित्रपटाचे पुनर्मूल्यांकन

गॉडझिला विरुद्ध हेडोरा : जपानच्या तोहो कंपनीचा २४ जुलै १९७१ रोजी प्रदर्शित झालेला महाकाय प्राण्यांचा चित्रपट, गॉडझिला मालिकेतील अकरावा. दिग्दर्शक योशिमित्सु बान्नो, ट्रिक दृश्ये तेरुयोशी नाकानो, संगीत रिइचिरो मानाबे. लांबी ८५ मिनिटे. प्रदूषणातून पोसलेला हेडोरा नावाचा राक्षस आणि गॉडझिला यांची झुंज हा त्याचा विषय. अमेरिकेत १९७२ मध्ये तो ‘गॉडझिला व्हर्सेस द स्मॉग मॉन्स्टर’ या नावाने लागला आणि पुढची कित्येक वर्षे टिंगलीचा विषय ठरला. १९७८ मध्ये तिथे निघालेल्या, जगातल्या पन्नास सर्वांत वाईट चित्रपटांची यादी करणाऱ्या पुस्तकातही त्याला जागा मिळाली. आज मालिकेतल्या सर्वांत धाडसी चित्रपटांत त्याची गणना करणारे चाहते पुष्कळ आहेत. हा पालट कसा झाला, हा चाहत्यांच्या जगातला एक आवडता वादविषय आहे. ‘जुने ते सोने’ एवढे म्हणून त्याचा उलगडा होत नाही.

पार्श्वभूमी

१९७० च्या सुमारास जपानी चित्रपटधंदा घसरणीला लागला होता. १९५८ मध्ये देशात वर्षाला ११० कोटींहून अधिक तिकिटे खपली होती. १९७१ पर्यंत हा आकडा त्याच्या पाव हिश्शाच्याही खाली आला. घरोघरी दूरचित्रवाणी संच आले होते. गॉडझिलाच्या ट्रिक दृश्यांचा कर्ता एइजी त्सुबुराया जानेवारी १९७० मध्ये वारला. तोहोने हे चित्रपट आता शाळेच्या सुट्ट्यांत, कार्टूनपटांच्या जोडीने, मुलांच्या ‘चॅम्पियन महोत्सवा’त लावायला सुरुवात केली होती. १९५४ मध्ये अणुबाँबच्या छायेत जन्मलेला गॉडझिला तोवर पोरांचा कैवारी झाला होता.

बान्नो (१९३१–२०१७) हा आकिरा कुरोसावाच्या हाताखाली सहायक म्हणून तयार झालेला माणूस. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात मित्सुबिशीच्या दालनासाठी त्याने वादळे, ज्वालामुखी आणि समुद्र यांची दृश्ये प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढतील अशी योजना केली होती. ते काम पाहून निर्माता तोमोयुकी तानाका याने त्याच्याकडे गॉडझिला सोपवला. विषय मात्र बान्नोचा स्वतःचा होता. योक्काइची या औद्योगिक शहराजवळचे धुराने काळवंडलेले आकाश आणि फेसाळलेला समुद्र पाहून हे सुचले, असे तो सांगत असे. त्या शहरातल्या दमेकऱ्यांनी ज्या कंपन्यांवर दावा लावला होता, त्यांत मित्सुबिशी समूहाच्या कंपन्याही होत्या. बान्नोची चित्रपटाकडे जाणारी वाट मित्सुबिशीच्याच दालनातून गेली, ही गोष्ट चाहत्यांच्या नजरेतून सहसा निसटते.

त्या दोन वर्षांत जपानमध्ये प्रदूषणाखेरीज दुसरी बातमी नव्हती, म्हटले तरी चालेल. जुलै १९७० मध्ये तोक्योतल्या एका शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या मुली धुरक्यामुळे कोसळल्या. फुजी पर्वताच्या पायथ्याशी, सुरुगा आखातावरच्या तागोनौरा बंदरात कागद गिरण्यांचा गाळ इतका साचला की जहाजांची ये-जा अडू लागली. वर्षअखेरीस भरलेल्या संसदेच्या अधिवेशनाला ‘प्रदूषण अधिवेशन’ हेच नाव पडले. त्यात १४ कायदे संमत झाले. १ जुलै १९७१ रोजी पर्यावरण विभाग स्थापन झाला. त्याच्या आदल्याच दिवशी तोयामाच्या न्यायालयाने कॅडमियमच्या विषबाधेने हाडे पिचलेल्या रुग्णांच्या बाजूने निकाल दिला होता. चित्रपट आला तो यानंतर चारेक आठवड्यांत. योक्काइचीच्या दमेकऱ्यांचा निकाल लागला २४ जुलै १९७२ रोजी, म्हणजे प्रदर्शनाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी. हा अर्थातच योगायोग. पण चाहत्यांना असल्या तारखा पाठ असतात.

कथा आणि रूप

कथेची सुरुवात सुरुगा आखाताच्या काठी होते. एक म्हातारा कोळी जाळ्यात सापडलेला बेडूकमाशासारखा विचित्र जीव डॉ. यानो या शास्त्रज्ञाकडे घेऊन येतो. अंतराळातून आलेला हा जीव सांडपाण्यावर पोसून वाढत जातो. पाण्यात पोहणारा, मग जमिनीवर सरपटणारा, मग तबकडीसारखा उडणारा, शेवटी दोन पायांवर उभा राहणारा, अशी त्याची रूपे बदलतात. तो कारखान्याच्या धुराड्याला तोंड लावून चिलीम ओढावी तसा धूर ओढतो. तो डोक्यावरून उडत गेला की खाली सल्फ्युरिक आम्लाचे धुके पसरते, शाळेच्या मैदानावरची मुले खाली पडतात आणि काही माणसांचे जागच्या जागी सांगाडे होतात.

हे सगळे मुलांच्या महोत्सवात दाखवले गेले, हे लक्षात घेतले पाहिजे. एका दृश्यात चार माणसे माजाँग खेळत बसलेली असतात. खिडकीतून गाळाचा लोंढा येतो आणि खेळ तिथेच संपतो. दुसरीकडे तळघरातल्या नाचगाण्याच्या क्लबमध्ये जिन्यावरून गाळ उतरत येतो, आणि त्यात माखलेले एक मांजराचे पिल्लू तेवढे दिसते. नशेतल्या तरुणाला भोवतालच्या नाचणाऱ्यांच्या धडांवर माशांची मुंडकी दिसतात. मध्येच कार्टूनचे तुकडे येतात. एका ठिकाणी पडद्याचे कितीतरी लहान चौकोन होतात, प्रत्येकात एक वेगळा माणूस एकाच वेळी बोलत असतो, आणि त्यांच्यातच गाळात रुतलेले तान्हे मूल रडत असते. प्रदर्शनातल्या दालनाची सवय बान्नोच्या हातातून गेली नव्हती, हे इथे स्पष्ट दिसते.

प्रौढांचे वागणे चित्रपटात फारसे शोभणारे नाही. तरुण मंडळी प्रदूषणाच्या निषेधार्थ फुजीच्या पायथ्याशी शेकोटी पेटवून नाचाचा मेळा भरवतात. हाक दिलेली असते प्रचंड गर्दीला, जमतात मूठभर. गवताआड उभे राहून काही म्हातारी माणसे हा नाच नुसती बघत असतात. बोलत नाहीत, पुढे येत नाहीत. हेडोरा आल्यावर पोरे त्याच्यावर जळते पलिते फेकतात आणि त्यांच्यातला पुढारी मरतो. लष्कराने हेडोराला सुकवण्यासाठी उभारलेले प्रचंड विद्युत् पत्रे ऐन वेळी बंद पडतात. एका डोळ्याला इजा झालेला, हात हाडापर्यंत भाजलेला गॉडझिला आपल्या श्वासाच्या ज्वाळेने ते चालू करतो, हेडोराला फाडून तुकडा न् तुकडा वाळवतो, आणि निघण्याआधी मागे वळून माणसांकडे रोखून पाहतो.

बदनामी

समकालीन टीकेचा रोख एकच होता. चित्रपटाला आपण कोण आहोत हे ठरवता आलेले नाही. मुलांचा, भयाचा, प्रचाराचा, गाण्यांचा असा हा काला झाला आहे. सर्वांत जास्त चेष्टा झाली ती गॉडझिला उडतो त्या प्रसंगाची. शेपूट पोटाशी धरून, तोंडातली ज्वाळा जमिनीकडे सोडत तो पाठीकडच्या दिशेने हवेतून जातो. चित्रपट फारच काळवंडला होता, मुलांना थोडा विरंगुळा हवा म्हणून हे घातले, असे बान्नोचे म्हणणे. चित्रीकरणाच्या काळात तानाका रुग्णालयात होता. पूर्ण चित्रपट पाहिल्यावर तो भडकला, आणि बान्नोला पुन्हा गॉडझिलाचा चित्रपट मिळाला नाही. पुढच्या भागाची जुळवाजुळव त्याने सुरू केली होती, ती तिथेच थांबली.

परदेशातल्या बदनामीत भाषांतराचा वाटा मोठा आहे, आणि पुनर्मूल्यांकनाच्या चर्चेत या गोष्टीला जेवढे वजन मिळायला हवे तेवढे मिळत नाही. मूळ जपानी चित्रपट सुरू होतो एका गाण्याने. रंगीत ओघळांच्या पार्श्वभूमीवर गायिका नाचते आणि गाळात तरंगणारा कचरा दिसतो. गाण्याचे शब्द म्हणजे जवळजवळ रासायनिक यादीच आहे : पारा, कोबाल्ट, कॅडमियम, शिसे, सल्फ्युरिक आम्ल. १९७१ च्या जपानी प्रेक्षकाला या यादीतल्या नावांमागे गावे दिसत होती. पारा म्हटले की मिनामाता, कॅडमियम म्हटले की तोयामा, गंधकाचा धूर म्हटला की योक्काइची. अमेरिकन आवृत्तीत त्या जागी पृथ्वी वाचवा असे आवाहन करणारे गोड इंग्रजी गाणे बसवले गेले. गावे गेली, यादी गेली, उरला एक सद्भाव. त्यात रुंद पडद्यासाठी रचलेली चित्रचौकट दूरचित्रवाणीच्या चौकोनात बसवताना दोन्ही बाजूंनी कापली गेली. शनिवारी दुपारी असे तुकडे पाहणाऱ्या प्रेक्षकाने चित्रपट विस्कळीत आहे म्हटले, तर त्याला दोष देता येत नाही. त्याच्यापुढे होता तो विस्कळीतच होता.

पुनर्मूल्यांकन

२००० नंतरच्या दशकात मूळ जपानी ध्वनी, उपशीर्षके आणि पूर्ण रुंदीची चौकट असलेल्या डीव्हीडी परदेशात मिळू लागल्या, आणि चाहत्यांचा सूर बदलू लागला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या क्रायटेरियन कंपनीने १९५४ ते १९७५ या काळातल्या १५ गॉडझिलापटांचा संच आपल्या हजाराव्या क्रमांकाखाली काढला. अभिजात चित्रपटांसाठी नावाजलेल्या या कंपनीच्या यादीत हेडोराही दाखल झाला. असा शिक्का बसला म्हणून चित्रपट चांगला ठरत नाही. पण ज्यांनी तो केवळ थट्टेसाठी पाहिला असता, त्यांनी तो लक्ष देऊन पाहिला, एवढे खरे.

चाहत्यांचा मुख्य मुद्दा असा की, ज्या काल्याला पूर्वी दोष म्हटले तोच या चित्रपटाचा घाट आहे. कार्टून, सांगाडे, नाच आणि शास्त्रज्ञाचे विवेचन एकामागून एक आदळत राहते, कारण त्या वर्षाचे जपान तसेच होते. वर्तमानपत्राच्या एका पानावर प्रदर्शनाची रोषणाई आणि दुसऱ्यावर विषबाधेचे खटले. हा युक्तिवाद बराचसा पटतो. तो शेवटपर्यंत ताणून चित्रपटातली प्रत्येक चूक हेतुपुरस्सर होती असे सिद्ध करू पाहणारेही आहेत, आणि तिथे त्यांची वकिली उघडी पडते. काही दृश्यांचा वेग मंद आहे तो खर्च आणि वेळ अपुरा होता म्हणून. अंतिम झुंज लांबली आहे, आणि तिच्यातला अंधार नेहमीच कलात्मक नसतो.

मात्र त्याच खर्चकपातीच्या काळातल्या इतर चित्रपटांशी तुलना केली की बान्नोच्या बाजूचे माप जड होते. लगेच पुढच्या वर्षी आलेल्या गॉडझिलापटात जुन्या चित्रपटांतली झुंजीची दृश्ये जशीच्या तशी चिकटवलेली दिसतात. हेडोरा मात्र नवा होता आणि त्याला मनापासून घडवलेले होते. त्याच्या त्या अवजड, लोंबत्या पोशाखात शिरलेला नट म्हणजे केन्पाचिरो सात्सुमा. चित्रीकरणादरम्यान त्याचे आंत्रपुच्छ सुजले होते. हाच सात्सुमा १९८४ ते १९९५ या काळात स्वतः गॉडझिला झाला. या चित्रपटातला गॉडझिला म्हणजे हारुओ नाकाजिमा, १९५४ पासून त्या पोशाखात घाम गाळणारा मूळ पुरुष. म्हणजे जुना गॉडझिला आणि भावी गॉडझिला इथे एकमेकांशी लढले, ही चाहत्यांची लाडकी नोंद.

बान्नोचे पुनर्वसन वेगळ्याच वाटेने झाले. २००० नंतर त्याने गॉडझिलावर मोठ्या पडद्याचा लघुपट काढण्याचे हक्क तोहोकडून मिळवले. तो लघुपट झाला नाही. पण त्या खटपटीतूनच हॉलिवुडचा २०१४ चा ‘गॉडझिला’ उभा राहिला, आणि कार्यकारी निर्मात्यांत बान्नोचे नाव लागले. भारतात तो हिंदीतही लागला होता. मुंबई-पुण्यात तो पाहिलेल्या कित्येकांच्या डोळ्यांपुढून हे नाव गेले असेल. ते कोणाचे, हे विचारायचे कारण कुणाला पडले नसावे. २०१७ मध्ये बान्नो वारला. हेडोरा स्वतः २००४ च्या ‘फायनल वॉर्स’मध्ये काही क्षण दिसून गेला. पन्नाशीच्या निमित्ताने २०२१ मध्ये तोहोने गॉडझिला आणि हेडोरा यांच्या झुंजीचा नवा लघुपट काढला. ज्या निर्मितीवर कंपनी कधीकाळी चिडली होती, तिचाच हा वाढदिवस. हेडोराच्या मऊ विनाइलच्या बाहुल्या संग्राहकांत मोठ्या मागणीच्या आहेत. प्रदूषणाच्या राक्षसाचे प्लॅस्टिक, यावर हवी तेवढी टिप्पणी करता येईल.

मतभेद

दोन गोष्टींवर अजून एकमत नाही. पहिली अर्थातच उड्डाणाची. तरुण चाहते त्याला चित्रपटाच्या मोकळेपणाचा कळस मानतात. जुन्यांपैकी अनेकांना तो अजूनही सोसत नाही. दुसरी गोष्ट संगीताची, आणि इथे वाद जास्त कडवट आहे. आकिरा इफुकुबे याच्या १९५४ च्या भारदस्त चालीवर वाढलेल्या कानांना मानाबेचे पितळी वाद्यांचे रडके, हेल काढणारे सूर गॉडझिलाची थट्टा वाटतात. समर्थक म्हणतात, थकलेल्या, जखमी गॉडझिलाला हेच शोभते. शेवटच्या झुंजीत हे म्हणणे खरे वाटते. पण गॉडझिला पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा तो ना थकलेला असतो ना जखमी, आणि सूर तेव्हाही तेच असतात.