पाच टक्के आले कुठून?

संख्याशास्त्राच्या चाचण्यांत निकाल ठरवायची रेघ बहुधा ५ टक्क्यांवर असते. समजा, पोदेर (गोव्याचा पाववाला) सांगतो की त्याचा पाव ५० ग्रॅमचा. आपण १६ पाव तोलले. सरासरी ४८ ग्रॅम, प्रमाण विचलन (वजनं सरासरीभोवती किती पसरलीत त्याचं माप) ४. चारला १६ च्या वर्गमुळाने भागलं की १; ५० पासूनच्या उणे २ च्या फरकाला या १ ने भागलं की चाचणीचा आकडा, म्हणजे ‘टी’, उणे २. पुस्तकाच्या शेवटच्या कोष्टकात १५ डिग्री ऑफ फ्रीडमच्या (नमुन्यांपेक्षा एक कमी) ओळीत, ५ टक्क्यांच्या रकान्यात २.१३१ दिसतं. आपले २ त्याच्या आत, पोदेर सुटला. हेच आकडे ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरला दिले तर पी-व्हॅल्यू (पोदेर खरा असताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसायची शक्यता) ०.०६४ येते. निकाल तोच, पण हाताने करणाऱ्याला ‘५ आणि १० टक्क्यांच्या मधे कुठेतरी’ एवढंच कळतं.

टी-टेस्टचा उगमही असाच खाण्यापिण्याच्या धंद्यातला. डब्लिनच्या गिनेस मद्यभट्टीतल्या विल्यम गॉसेट यांना नमुने मोजकेच मिळत. त्यांनी १९०८ मध्ये छोट्या नमुन्यांचं गणित ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापलं. १९२५ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी संशोधकांसाठी पुस्तक काढलं आणि त्यात निवडक संभाव्यतांचे रकाने दिले. विसात एक, म्हणजे ५ टक्के, ही मर्यादा त्यांनी सोयीची म्हणून घेतली होती. सोय पुढे नियम होऊन बसली. १९३३ मध्ये नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी चाचणीला ‘नाकारा किंवा नाकारू नका’ अशा निर्णयाचं रूप दिलं, मग तर ती रेघ आणखी ठळक झाली.

गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे सगळं हातानेच करत होते. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकवताना ते प्राचीन आहत (ठसे उमटवलेल्या) नाण्यांच्या वजनांकडे वळले. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं: सरासरी वजन घटते आणि वजनांतला फरक वाढतो. म्हणजे निव्वळ तराजू आणि संख्याशास्त्राच्या बळावर नाण्यांचा आगेमागे क्रम लावता येतो. इतिहासकार कोसंबी सगळ्यांना माहीत असतात, तराजूवाले फारसे कुणाला नाहीत.

पुढचं झपाट्याने घडलं. १९६८ मध्ये एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर आलं. नव्वदच्या दशकात ऑकलंडमध्ये इहाका आणि जेंटलमन यांनी ‘आर’ लिहायला घेतलं, २००० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, तीही फुकट. आता कोष्टक उघडायची गरज नाही. तरी ‘आर’ रिग्रेशनच्या (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या गणिताच्या) निकालात पी-व्हॅल्यूच्या शेजारी तारका छापतं: ०.०५ च्या खाली एक, ०.०१ च्या खाली दोन, ०.००१ च्या खाली तीन. जुन्या कोष्टकांतलेच रकाने हे!